जनसंपर्क इंटर्नशिप

जनसंपर्क व संज्ञापन क्षेत्रात महाविद्यालयीन विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीत, बहुधा उन्हाळी सुटीत, करायची उमेदवारी. शासकीय मराठीत तिला ‘आंतरवासिता’ म्हणतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अशा कार्यानुभवाला पदवी अभ्यासक्रमात स्थान दिले. मुंबईतील जनसंपर्क संस्थांत उमेदवाराचा दिवस बहुधा वृत्तपत्रे चाळून ग्राहक-कंपनीविषयीची कात्रणे जमवण्याने सुरू होतो; पुढे पत्रकारांच्या याद्या, प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा, पत्रकार परिषदेची धावपळ. इंग्रजी प्रसिद्धिपत्रक मराठी दैनिकांसाठी नव्याने लिहिणे हे यातले खरे कसबाचे काम. शब्दशः भाषांतर केलेला कागद उपसंपादकाच्या टेबलावर फार काळ टिकत नाही. विद्यावेतन अनेकदा तुटपुंजे असते. काही ठिकाणी प्रमाणपत्रावरच बोळवण होते.