नंबर तोच, बस दुसरीच

१९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या अनेक शाळकरी मुलांना एक वेड होतं. इयान ॲलनच्या प्रकाशनाचं खिशात मावणारं पुस्तक घ्यायचं, रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि दिसलेल्या प्रत्येक बसच्या नंबरखाली पुस्तकात रेघ मारायची. लंडनच्या मुलांच्या पुस्तकात लंडन ट्रान्सपोर्टच्या लाल बसेसचे नंबर असत. सगळ्यांखाली रेघ आली की गड सर. पण लंडनपुरता या छंदात एक घोळ होता. रेघ मारलेल्या नंबरची बस आणि डोळ्यांनी पाहिलेली बस एकच आहे, याची काही खात्री नव्हती.

तेव्हाची लंडनची मुख्य बस म्हणजे आरटी. पहिली आली १९३९ साली. चेसिस एईसी कंपनीची. पुढे लेलँडच्या चेसिसवर बनलेली तिची भावंडं धरली तर संख्या ७,०००च्या घरात जाते. संख्येपेक्षा मला अप्रूप आहे ते मापांचं. युद्धानंतरच्या आरटी इतक्या काटेकोर मापात बनवल्या होत्या की एका बसची बॉडी उचलून दुसऱ्या बसच्या चेसिसवर ठेवली तरी ती बरोब्बर बसायची.

या मापांचा फायदा घेतला जायचा ऑल्डनम वर्क्समध्ये. लंडनच्या वायव्येला, एल्स्ट्रीजवळ हा अवाढव्य कारखाना होता. दर काही वर्षांनी बस तिथे पूर्ण ओव्हरहॉलसाठी जायची. क्रेनने बॉडी उचलायची, चेसिस एका रांगेत, बॉडी दुसऱ्या रांगेत. चेसिसचं काम लवकर उरकायचं, बॉडीला जास्त दिवस लागायचे. मग तयार चेसिसने आपल्याच बॉडीची वाट कशाला बघायची? जी बॉडी तयार असेल ती चढवायची आणि पुढे.

इथपर्यंत ठीक. खरी करामत नंबरांची. बस कित्येक आठवडे कारखान्यात पडून राहिली तर तिचा भरलेला रोड टॅक्स वाया जाणार. त्यामुळे समजा ‘आरटी ५००’ सकाळी गेटातून आत आली, की तिच्या पाट्या, रजिस्ट्रेशन आणि टॅक्सचा कागद नुकत्याच तयार झालेल्या भलत्याच बसला लावायचे. ती बस ‘आरटी ५००’ म्हणून बाहेर. कागदोपत्री ‘आरटी ५००’ने कारखान्यात रात्रसुद्धा काढली नाही! हे चक्र चालावं म्हणून सुरुवातीला काही बसेसचे नंबर बाजूला काढून ठेवले जात, म्हणजे तेवढ्या गाड्या कायम आत शिल्लक राहत. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर बदलतो, पत्ता तोच ठेवतो आणि वापरणाऱ्याला पत्ता लागू देत नाही. हे आमचं डोकं, असा आमचा उगाच समज असतो.

छंदी पोरं मात्र फसली नाहीत. सुरुवातीच्या काही बॉडींवर रूट नंबरची पेटी छतावर होती, नंतरच्यांवर नव्हती. ही छतावरची पेटी एखाद्या उशिराच्या नंबरच्या बसवर दिसली, की आत काय झालंय ते कळायचं. पुढे रूटमास्टर बसेस आल्या. त्यांना वेगळी चेसिसच नव्हती, ॲल्युमिनियमची बॉडी हाच सांगाडा. तरी पुढची आणि मागची उपचौकट सुटी करता येत असल्याने त्याही याच चक्रात फिरल्या. सुरुवातीच्या रूटमास्टरच्या वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खिडक्या उघडत नसत. त्या बंद खिडक्या मग नव्या नंबरांवर फिरताना दिसू लागल्या.

आज या बसेस जतन करणारे लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न नुसता गमतीचा नाही. घरच्या बचतीतून घेतलेली बस लहानपणी शाळेत नेणारीच आहे का? बॉडीचा क्रमांक एक सांगतो, पाटी दुसरं. मला विचाराल तर मी पाटीच्या बाजूचा. थांब्यावर उभ्या पोराने वाट पाहिली ती त्या नंबरची.

ऑल्डनमची जागाही मूळची बसची नव्हेच. नॉर्दर्न लाइनच्या वाढीव मार्गासाठी तिथे ट्यूबचा डेपो बांधायला घेतला होता. मध्येच युद्ध आलं आणि तिथे हॅलिफॅक्स बॉम्बर विमानांचं काम झालं. नंतर तो मार्गच रद्द झाला आणि इमारत बसेसना मिळाली. क्लिफ रिचर्डच्या १९६३च्या ‘समर हॉलिडे’ सिनेमाची सुरुवात इथेच चित्रित झाली आहे.

या साऱ्या यंत्रणेला एकसारख्या हजारो बसेस लागत. १९७१पासून लंडनने बाजारात तयार मिळणारी, कंडक्टरविना चालणारी डेमलर फ्लीटलाइन रस्त्यावर आणली. अशा एकूण २,६४६ घेतल्या. त्यांची बॉडी चेसिसपासून सहज सुटेना, म्हणजे ऑल्डनमच्या रांगांत त्या बसेनात. बऱ्याचशा सात-आठ वर्षांतच काढून टाकल्या. कित्येक हाँगकाँगला गेल्या. ज्यांना हटवायला त्या आल्या होत्या, त्या रूटमास्टर ९ डिसेंबर २००५पर्यंत रोजच्या सेवेत टिकल्या. शेवटचा मार्ग १५९.

तोवर ऑल्डनम उरलं नव्हतं. ते १९८६मध्ये बंद झालं, दहा वर्षांनी पाडलं. तिथे आता ऑफिसं आणि गोदामं आहेत.