‘पर्यंत’ या शब्दाचा इतिहास

वाचकहो, दुकानातून एक किलो साखर आणली आणि घरी ती सातशे ग्रॅम भरली, तर आपण दुकानदारास जाब विचारतो. परंतु इंटरनेटचे पैसे दरमहा भरूनही, कंपनीने सांगितलेला वेग मिळतो की नाही, हे तपासणारे कुटुंब विरळाच. या वेगाला माप कसे लागले, याचा इतिहास बोधप्रद आहे.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे २००४ च्या सरकारी धोरणाने किमान २५६ किलोबिट वेगास ‘ब्रॉडबँड’ म्हटले. ही मर्यादा २०१३ साली ५१२ किलोबिट आणि २०२३ साली २ मेगाबिट झाली.

जाहिरात आणि अनुभव यांतील तफावत ब्रिटनमध्ये ठळकपणे उघड झाली. तेथे कंपन्या ‘८ मेगाबिटपर्यंत’ अशी जाहिरात करीत. सेवा टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येई आणि घर एक्स्चेंजपासून जितके दूर, तितका वेग कमी. म्हणजे ‘पर्यंत’ हा शब्द खोटा नव्हता; पण तो एक्स्चेंजशेजारी राहणाऱ्यापुरताच खरा होता! ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने ग्राहकांच्या घरी मोजणी-यंत्रे बसविली. मे २०१० मध्ये जाहिरातीतील सरासरी वेग ११.५ मेगाबिट, तर प्रत्यक्षातला अवघा ५.२ भरला. तराजू विक्रेत्याच्या हातून त्रयस्थाच्या हाती गेला, हे या घटनेचे खरे महत्त्व.

पुढे नियम बदलले. २०१२ पासून, जाहिरातीतील वेग किमान १० टक्के ग्राहकांना मिळालाच पाहिजे, असे ठरले. मे २०१८ पासून ही अट ५० टक्क्यांवर गेली, आणि तीही रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी.

अमेरिकेतही सरकारी आयोगाने अशीच मोजणी केली. २०११ च्या अहवालात कंपन्या गर्दीच्या वेळी जाहिरातीच्या सरासरी ८७ टक्के वेग देत होत्या. २०१२ च्या अहवालात तो ९६ टक्के झाला. आकडे चव्हाट्यावर आले की सेवेकडे लक्ष द्यावेच लागते, असे यावरून वाटते.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ साली ‘मायस्पीड’ हे मोबाईल ॲप काढले. म्हणजे साधन हाताशी आहे, वापरणारा हवा.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुम्ही अंगावर घ्या. प्रथम ध्यानात ठेवा की, आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. ही फसवणूक नव्हे, गणित आहे. मोजताना संगणक शक्यतो तारेने जोडा, घरातील इतर उपकरणे बंद ठेवा. आठवडाभर सकाळी एकदा व रात्री ८ ते १० च्या दरम्यान एकदा मोजून तारीखवार वहीत नोंद करा.

पालकांनी ही वही जपून ठेवावी. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या रात्री अडकला, तर मुलाचे वर्षभराचे नुकसान होऊ शकते. नुसत्या तक्रारीला ‘तुमच्या घरातच दोष असेल’ असे उत्तर सहज मिळते. सात दिवसांचे आकडे समोर ठेवले, म्हणजे तसे उत्तर देणे कठीण जाते.