न पोचलेली हाक

२४ ऑक्टोबर १९९८ रोजी ‘नासा’चे ‘डीप स्पेस १’ हे यान अवकाशात झेपावले. पृथ्वीवरून पावलोपावली हुकूम न घेता यानाला आपले काम आखता येईल का, हे पाहण्यासाठी त्यावर ‘रिमोट एजंट’ नावाचा प्रोग्राम होता. १७ मे १९९९ रोजी प्रयोग सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम अडकून पडला.

अशा प्रोग्राममध्ये अनेक प्रोसेस एकाच वेळी चालतात आणि एकमेकींना निरोप देतात. येथे एका प्रोसेसने पाहिले, निरोप नाही. म्हणून ती झोपायला निघाली. पाहणे आणि झोपणे यांमधल्या निमिषात निरोप आला. उठवणारी हाक झाली, तेव्हा ती जागीच होती. मग ती झोपली. हाक तर होऊन गेलेली!

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो आधीचा इतिहास. १९९७ सालीच नासाच्या एम्स केंद्रातील क्लाउस हावेलुंड आणि सहकाऱ्यांनी याच प्रोग्रामचा एक भाग ‘स्पिन’ने तपासला होता. बेल लॅब्जच्या जेरार्ड होल्झमन यांचे हे साधन प्रोसेसच्या पावलांचे संभाव्य क्रम एकेक करून पडताळते. पाच चुका निघाल्या; त्यांत याच जातीची एक होती. अवकाशात उगवली ती मात्र न तपासलेल्या भागात.

म्हणजे विद्या होती, पण ती कुठे लावायची हे माणसाच्या निवडीवर होते. ही निवडच काढून टाकणारी वाट कोहेई होंडा यांनी १९९३ साली दाखवली होती. संवादाचा करार त्यांनी भाषेच्या नियमांतच आणला: एकीने आकडा पाठवायचा, तर दुसरीने त्या वेळी आकडाच घ्यायचा. करार मोडणारा प्रोग्राम चालण्याआधीच अडवला जातो. २००८ साली होंडा, नोबुको योशिदा आणि मार्को कार्बोने यांनी दोघींचा हा करार अनेकींपर्यंत नेला.

यानातली चूक त्यामुळे टळलीच असती, असा माझा दावा नाही. त्या प्रोग्रामची घडण वेगळी होती. २१ मे रोजी प्रयोग पुन्हा झाला आणि ठरवलेली सारी उद्दिष्टे पूर्ण झाली. अशा यशात मधली अडचण विसरली जाते. ती विसरू नये, कारण तपासलेल्या भागाची हमी शेजारच्या भागाला मिळत नाही.