एक तास मोठा की दहा तास?

१ जानेवारी १९१६ या दिवशी रशियातल्या एका २५ वर्षांच्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या वेळेची नोंद ठेवायला सुरुवात केली. अलेक्सांद्र ल्युबिश्चेव्ह हे त्याचे नाव. कोणत्या कामाला किती वेळ लागला, हे तो रोज तास-मिनिटांत लिहून ठेवी. १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल ५६ वर्षे, त्याने हा क्रम सोडला नाही. कीटकांचे वर्गीकरण हा त्याचा अभ्यासाचा विषय. पुढे उल्यानोव्स्क इथल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत तो प्राणिशास्त्र शिकवत असे. दानिईल ग्रानिन या लेखकाने १९७४ मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले आणि या वह्यांची गोष्ट जगाला कळली.

या वह्यांत केवळ रोजच्या नोंदी नव्हत्या. ल्युबिश्चेव्ह दर महिन्याच्या आणि दर वर्षाच्या शेवटी त्यांची बेरीज करून, कामांचे प्रकार पाडून गोषवारा तयार करीत असे. आमच्या मते खरे महत्त्व या दुसऱ्या पायरीला आहे. नोंदी ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने पडून राहिल्या तर ती फक्त रोजनिशी होते. ‘माझा सर्वांत जास्त वेळ कशात जातो?’ या प्रश्नाचे उत्तर त्या ओळींतच असते, पण दिसत नाही. ते दिसण्यासाठी ओळींची जागा बदलावी लागते, म्हणजेच क्रम लावावा लागतो.

क्रम लावणे हे किरकोळ काम वाटते. हजेरीपटावर आडनावांचा क्रम आपण दरवर्षी लावतोच. पण ढीग मोठा झाला की याच कामाखाली माणसे दबून जातात. अमेरिकेतल्या १८८० च्या जनगणनेचे निष्कर्ष हाताने काढता काढता जवळजवळ पुढची जनगणना येऊन ठेपली होती. म्हणून १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची यंत्रे वापरली गेली. प्रत्येक माणसासाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड आणि त्याच्या माहितीप्रमाणे कार्डावर पाडलेली छिद्रे. यंत्रात कार्ड ठेवले की छिद्रांतून विजेचा प्रवाह जाई, मोजणीचे काटे पुढे सरकत आणि शेजारच्या पेटीतल्या योग्य कप्प्याचे झाकण उघडे. कार्ड त्या कप्प्यात टाकायचे काम मात्र माणसाचेच होते.

पुढे विजेवर चालणारे संगणक आले, तेव्हाही हे काम सुटले नाही. १९४५ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी क्रम लावलेल्या दोन याद्या एकत्र विणत नेण्याची रीत संगणकासाठी मांडली. १९५९ मध्ये टोनी होअर हा इंग्रज तरुण मॉस्को विद्यापीठात होता. रशियन वाक्यांचे यंत्राने इंग्रजीत भाषांतर करता येईल का, या प्रश्नावर तो काम करीत होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर होता आणि फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच वाचायची. म्हणजे वाक्यातले शब्द आधी अकारविल्हे लावून घेतले, तर एकाच फेरीत सगळे अर्थ सापडतील! या गरजेतून त्याला जी रीत सुचली ती ‘क्विकसॉर्ट’ या नावाने १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही वापरात आहे. १९६० च्या दशकातले संगणक आपला पंचवीस टक्क्यांहून अधिक वेळ नुसता क्रम लावण्यात घालवतात, असा तेव्हाच्या उत्पादकांचा अंदाज होता. डोनाल्ड कनूथ यांनी आपल्या ग्रंथाच्या १९७३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या खंडात तो नोंदवला आहे. या खंडाचा निम्मा विषयच ‘क्रम लावणे’ हा आहे.

आता ल्युबिश्चेव्हची वही आणि हॉलरिथचे कप्पे एकत्र येतात ती जागा पाहू. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ईमॅक्स’ नावाचा मजकूर लिहिण्याचा संपादक तयार केला. १९८५ पासून त्याची ग्नू आवृत्ती सर्वांना मोकळेपणाने वापरता येऊ लागली. २००३ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम इथले खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी स्वतःच्या कामाच्या नोंदींसाठी या ईमॅक्सला एक जोड लिहिली. तिचे नाव ‘ऑर्ग मोड’. २००७ पासून ती ईमॅक्सबरोबरच मिळते.

ऑर्गची वही म्हणजे साधा मजकूर. ना रंगीत चौकटी, ना बंदिस्त माहितीसाठा. ओळीच्या सुरुवातीला एक चांदणी दिली की ते मुख्य काम, दोन दिल्या की पोटकाम. काम सुरू करताना ‘घड्याळ चालू’ ही आज्ञा द्यायची, संपल्यावर ‘घड्याळ बंद’. त्या कामाखाली सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि मधला अवधी अशी एक ओळ लिहिली जाते. आठवड्याच्या शेवटी एक आज्ञा दिली की सगळ्या कामांच्या बेरजांचा तक्ता त्याच वहीत उमटतो. हा तक्ताही उभ्या रेघांनी आखलेला साधा मजकूरच. कोणत्याही संगणकावर तो उघडेल आणि डोळ्यांनी वाचता येईल.

समजा, एका शिक्षिकेचा आठवड्याचा तक्ता असा निघाला: पाठाची तयारी २:४०, माहिती व अहवाल भरणे १०:३०, मागे पडलेल्या मुलांना मदत १:०५, वह्या तपासणे ९:१५. एकूण २३ तास ३० मिनिटे. सर्वांत जास्त वेळ खाणारे काम वर यावे म्हणून तिने वेळेच्या रकान्यावरून उतरता क्रम लावला. संगणकाला फक्त ‘अक्षरांचा क्रम लाव’ एवढेच सांगितले असेल, तर काय होईल?

अक्षरांचा क्रम लावताना संगणक डावीकडून एकेक चिन्ह घेतो आणि त्यांचे संकेतांक ताडून पाहतो. १९६३ मध्ये ठरलेल्या ‘अ‍ॅस्की’ संकेतात शून्य ते नऊ या अंकांना ४८ ते ५७ हे क्रमांक आहेत आणि तास-मिनिटांमधल्या कोलनला ५८. (आम्ही इथे अंक देवनागरीत छापले आहेत, ऑर्गच्या वहीत ते इंग्रजी अंकांत असतात.) आता १०:३० आणि १:०५ शेजारी ठेवा. पहिले चिन्ह दोन्हींत १. दुसरे चिन्ह एकात शून्य, दुसऱ्यात कोलन. शून्याचा संकेतांक लहान, म्हणून संकेतांकांच्या हिशेबात साडेदहा तास हे एक तास पाच मिनिटांपेक्षा ‘लहान’ ठरतात! उतरता क्रम असा लागतो: ९:१५, २:४०, १:०५, १०:३०. ज्या कामाने सर्वाधिक वेळ खाल्ला, ते तक्त्यात सर्वांत खाली जाऊन बसते.

संगणकाने इथे चूक केलेली नाही. त्याला शब्द म्हणून दिले, त्याने शब्द म्हणून लावले. मग ‘संख्या’ म्हणून लावावे का? अशी आज्ञा कोलनपाशीच वाचणे थांबवते. २:४० आणि २:१० या दोन्ही तिला नुसत्या २ दिसतात. कोलनच्या जागी दशांशचिन्ह घातले तर क्रम बरोबर लागेल, पण बेरीज फसेल. वरच्या चार नोंदी तशा मिळवून पाहा, उत्तर २२.९० येते. साठ मिनिटांचा तास आणि शंभराचा दशांश यांची गल्लत झाली की असे होते. म्हणून ऑर्गमध्ये क्रम लावताना अक्षर, संख्या आणि वेळ असे वेगवेगळे पर्याय आहेत. ‘वेळ’ म्हटले की आधी प्रत्येक नोंदीतल्या तासांचा हिशेब होतो आणि मगच तुलना होते. मिनिटांत पाहिले तर ६३०, ५५५, १६० आणि ६५. मग काहीच घोटाळा उरत नाही.

आणखी दोन खाचाखोचा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एकूण बेरजेची ओळही क्रमात सापडली, तर तीच ‘सर्वांत मोठे काम’ म्हणून मिरवेल. ऑर्ग दोन आडव्या रेघांमधल्याच ओळी हलवते आणि बेरजेची ओळ रेघेपलीकडे असते, म्हणून ती जागची हलत नाही. दुसरी खाच पोटकामांची. अहवालांच्या साडेदहा तासांत शालेय पोषण आहाराच्या नोंदींचे ४ तास आणि गुण भरण्याचे साडेसहा तास असतील, तर सगळ्या ओळी सरसकट लावल्यावर ही पोटकामे आपल्या मूळ कामापासून तुटतात. मग ती निराळीच कामे वाटतात आणि बेरजेत दोनदा धरली जाण्याची भीती असते. अशा वेळी तक्त्यात फक्त मुख्य कामेच घ्यावीत. शिवाय हा तक्ता दर वेळी नव्याने तयार होतो आणि हाताने लावलेला क्रम पुसला जातो. त्यासाठी क्रमाची सूचना तक्त्याच्या पहिल्या ओळीतच लिहून ठेवण्याची सोय आहे.

कधी कधी लिहिण्याची रीत बदलली की प्रश्नच मिटतो. ९:१५ ऐवजी ०९:१५ लिहिले, म्हणजे सगळ्या नोंदींना सारखीच घरे दिली, की अक्षरांचा क्रम आणि वेळेचा क्रम एकच होतो. १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहितात. तिचा हाच मोठा फायदा आहे. आपल्या सवयीप्रमाणे दिवस आधी लिहिला, तर १ जूनच्या शेजारी १ जुलै येऊन बसतो.

हा प्रयोग संगणकाशिवायही वर्गात करता येईल. मुलांना आठवडाभर आपल्या वेळेची नोंद ठेवू द्या. प्रत्येक नोंद एका चिठ्ठीवर लिहा. एका गटाला चिठ्ठ्या ‘शब्दकोशाच्या रीतीने’ लावायला सांगा आणि दुसऱ्याला ‘मिनिटांच्या रीतीने’. दोन्ही रांगा फळ्याखाली मांडा आणि विचारा, यातली कोणती रांग खोटी? चर्चा रंगेल, कारण खोटी कोणतीच नाही. प्रत्येक रांग वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आणि हा प्रयोग आपण शिक्षकांनी स्वतःवरही करावा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता अन्य अशैक्षणिक कामांवर शिक्षकांना नेमू नये असे सांगितले आहे. तरी ‘शिकवायला वेळच उरत नाही’ ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकू येते. तक्रारीचे म्हणणे व्हायला हिशेब लागतो, आणि तो हिशेब नीट लावलेला असावा लागतो. ल्युबिश्चेव्हजवळ कागद आणि पेन्सिल होती, आपल्याजवळ संगणक आहे. पण रकान्यात लिहिले आहे ते शब्द आहेत, संख्या आहेत की आयुष्यातले तास, हे यंत्राला आपणच सांगायचे आहे.