अंगठ्याचा कळफलक

तळहातावर मावणारी इलेक्ट्रॉनिक डायरी आठवते का? १९९५ ते २००५ च्या दरम्यान परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या भाच्या-पुतण्यांच्या खिशात ती हमखास असायची. पत्ते, फोन नंबर, भेटीच्या वेळा, किरकोळ हिशेब, सगळे तिच्यात. लिहायला पेनाऐवजी प्लॅस्टिकची काडी. आणि काडीचा कंटाळा आला तर डायरीच्या खालच्या बाजूला अडकवायचा एक चिमुकला कळफलक वेगळा विकत मिळे. डायरी दोन्ही हातांत धरायची आणि दोन अंगठ्यांनी टाइप करायचे. आज ती डायरी गेली, तो कळफलकही गेला. पण "कोणता कळफलक घ्यावा?" हा तिच्या मालकांना पडणारा प्रश्न काही गेला नाही. तो आता आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये येऊन बसला आहे. बहीण विचारते, सून विचारते, सेवानिवृत्त मित्र विचारतात. म्हटले, नुसते उत्तर देण्याऐवजी जरा मागे जाऊन पाहू. मास्तराची खोड, दुसरे काय!

तर मंडळी, सुरुवात विलायतेपासून. सायन नावाच्या ब्रिटिश कंपनीने १९८४ मध्ये खिशातली डायरी काढली तेव्हा तिच्या कळा चक्क ए, बी, सी, डी अशा ओळीने लावल्या होत्या. टायपिंग न शिकलेल्या माणसाला हे सोपे जाईल, असा साधा विचार. पण १९९१ च्या मॉडेलमध्ये त्याच कंपनीने टाइपरायटरची क्वर्टी रचना आणली. कचेऱ्यांतल्या संगणकांमुळे लोकांच्या डोळ्यांना तोवर तीच सवय झाली होती.

मग १९९६ मध्ये अमेरिकेत पाम पायलट आली. तिला कळाच नव्हत्या. काडीने पडद्यावर लिहायचे, पण आपल्या अक्षरात नाही, तर 'ग्राफिटी' नावाच्या खास वळणात. बहुतेक अक्षरे काडी न उचलता एका रेघेत काढायची. इंग्रजी 'ए' म्हणजे नुसता उलटा 'व्ही', मधली आडवी दांडी गाळायची. हात न उचलता लिहिणे म्हटले की मला आपली मोडी आठवते. पण मोडीचे वळण माणसाच्या घाईसाठी होते, ग्राफिटीचे यंत्राच्या सोयीसाठी. यंत्राला माणसाचे अक्षर नीट वाचता येईना, म्हणून माणसाने अक्षर बदलायचे! आणि गंमत बघा, लाखो लोकांनी ते बदलले. मग एका रेघेच्या अक्षरांच्या पेटंटवरून झेरॉक्स कंपनीने १९९७ मध्ये दावा लावला आणि २००३ मध्ये पामने ते वळणच बदलून 'ग्राफिटी टू' आणले. ज्यांच्या हातात पहिले वळण बसले होते, त्यांनी पुन्हा नवे गिरवायचे.

दरम्यान १९९९ मध्ये ब्लॅकबेरीने दोन अंगठ्यांचा बारीक कळफलक यंत्रातच बसवला होता. एरिक्सनने त्याच सुमारास मोबाइल फोनला खालून अडकवायचा चॅटबोर्ड काढला. पामसारख्या डायऱ्यांसाठीही तसे जोड-कळफलक निघाले. २००२ मध्ये हँडस्प्रिंगच्या 'ट्रिओ' या फोन-डायरीची तर दोन रूपे दुकानात आली, एक कळांचे आणि एक काडीने लिहायचे. ग्राहकाने हवे ते निवडावे. पुढच्या सगळ्या ट्रिओंमध्ये कळाच राहिल्या, यावरून कौल कुणाला मिळाला ते कळते.

इथे मला एक गोष्ट मोलाची वाटते. अंगठ्याने टाइप करणे ही जगाला नवीन गोष्ट होती. अंगठ्याला कसलीच जुनी सवय नव्हती, म्हणजे पाटी अगदी कोरी होती. तरीही त्या पाटीवर १८७० च्या दशकातली, दहा बोटांच्या मोठ्या यंत्रासाठी केलेली रचना जशीच्या तशी उतरवली गेली. निवड करताना सोय पाहिली जाते असे आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा सवयच निवडते.

आता आपल्या मराठीकडे येऊ. त्या अडकवायच्या कळफलकावर रोमन अक्षरे सव्वीस. आपले स्वर, व्यंजने, मात्रा, अनुस्वार, विसर्ग आणि पाय मोडायचे चिन्ह धरले तर संख्या साठाच्या घरात जाते. त्यामुळे ती डायरी आपल्या घरात आली तरी मराठी घराबाहेरच राहिली. माझ्या एका पुतण्याने आपल्या डायरीत सगळ्या नातेवाइकांचे पत्ते रोमनमध्ये भरले होते. त्यात के-ए-एल-ई असे एक आडनाव. ते काळे की काले की कळे, हे त्यालाही सांगता येईना. शेवटी हिंगोलीच्या पत्त्यावरून ओळखले.

मराठीसाठी कळफलक नव्हतेच असे मात्र नाही. उलट जरा जास्तच होते. पहिला टाइपरायटरचा. आमच्या मराठवाड्यात तोही उशिरा रुजला. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात, कारभार उर्दूत. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. मग कचेऱ्यांना मराठी टंकलेखक हवे झाले. गोदरेजने १९५५ पासून देशातच टाइपरायटर बनवायला सुरुवात केली होती. बसस्टँडजवळच्या गाळ्यांत टायपिंगचे क्लास निघाले. मिनिटाला तीस शब्दांची मराठीची परीक्षा पास झाली की नोकरीची आशा. माझे कितीतरी विद्यार्थी त्या प्रमाणपत्रावर पोटाला लागले. त्या यंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि 'प' हवा तर अर्धा 'प्' मारून पुढे काना जोडायचा. आपण बोलतो तसे नाही, तर कागदावर दिसते तसे लिहायचे. यंत्र तसे चालणारे, म्हणून बोटेही तशी वळली.

संगणक आल्यावर दुसरा कळफलक आला, इन्स्क्रिप्ट. १९८६ मध्ये तो सरकारी पातळीवर ठरला आणि १९९१ च्या भारतीय मानकात पक्का झाला. पुण्याच्या सीडॅकने त्याचा प्रसार केला. माझ्या मते हा शिक्षकाच्या डोक्यातून निघावा असा कळफलक आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. 'क' च्या कळीवर शिफ्ट दाबले की 'ख', 'ग' वर 'घ', 'त' वर 'थ', 'ल' वर 'ळ'. उच्चाराच्या क्रमाने लिहायचे, म्हणजे आधी व्यंजन, मग मात्रा. शिवाय कन्नड, तेलुगू, बंगाली कोणतीही लिपी घ्या, 'क' ची जागा तीच. वर्णमालेची शिस्त त्यात उतरली आहे. तरीही तो घरोघरी गेला नाही. टायपिंग शिकलेल्यांची बोटे जुन्या वळणाची, त्यांना तो परका. आणि न शिकलेल्यांपुढे जो कळफलक होता, त्यावर छापलेली अक्षरे इंग्रजी!

तेवढ्यात मोबाइल आला आणि खरी गोची झाली. नऊ-दहा कळांवर सगळी वर्णमाला कोंबायची. कवर्ग एका कळीवर असेल तर 'घ' साठी चार वेळा दाबा. वर पैशांचा हिशेब. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत, देवनागरीत फक्त ७०. कारण देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला त्या संदेशात दुपटीहून जास्त जागा लागे. शिवाय मात्रा आणि पाय मोडायचे चिन्ह वेगवेगळे मोजले जाई. 'दिवाळीच्या शुभेच्छा' एवढ्यालाच ७० पैकी १९ घरे. रोमनमध्ये हेच शब्द २३ अक्षरांचे, पण १६० पैकी. एसएमएसला पैसे पडत त्या काळात कोण देवनागरीत लिहिणार? तरुण पोरांनी मराठी सोडली, असे आपण रागाने म्हणतो. त्यांनी मराठी नाही सोडली हो, लिपी सोडली, आणि तीही अंगठ्याच्या आणि खिशाच्या सोयीने.

याच काळात आपल्या देशात एक वेगळा प्रयत्न झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील मंडळी यांनी मिळून 'सिम्प्युटर' नावाचा तळहातावरचा संगणक घडवला. २००१ मध्ये त्याचा नमुना पुढे आला, २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला 'अमिडा सिम्प्युटर' बाजारात उतरला. खेड्यातल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला वापरता यावा, भारतीय भाषांत चालावा, हा मूळ हेतू. कळा नव्हत्या, काडीने पडद्यावर टेकवायचे. किंमत दहा हजार रुपयांपासून पुढे. विक्री मात्र अपेक्षेच्या कितीतरी मागे राहिली, आणि थोड्याच वर्षांत स्वस्त मोबाइलने ती जागा घेतली. पण प्रश्न त्या लोकांनी बरोबर ओळखला होता, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

मराठीला हात दिला तो शेवटी रोमनच्या वाटेनेच. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, मागोमाग 'बरहा', 'गमभन' यांसारख्या सोयी रुळल्या. रोमनमध्ये उच्चार टाइप करा, पडद्यावर देवनागरी उमटते. 'मनोगत'सारखी संकेतस्थळे आणि आमच्यासारख्यांच्या अनुदिन्या त्यावरच उभ्या राहिल्या. त्या वाटेची निंदा मी करणार नाही. ती नसती तर न्यूजर्सीतला मराठी माणूस आणि हिंगोलीतला मास्तर एकमेकांचे लेखन वाचू शकले नसते.

पण त्या वाटेची एक किंमत आहे. एम-ए-एल-ए. हे 'मला' की 'माला' की 'माळा' की 'मळा'? तुम्ही निवडत नाही, यंत्र सुचवते. सुचवलेले पुढे सरकवत गेलो की हळूहळू 'ण' चा 'न' होतो, 'ळ' चा 'ल' होतो आणि कुणाला टोचतही नाही. बाराखडी गिरवून मोठ्या झालेल्या माणसाच्या मनात शब्द आधी मराठीत उभा राहतो, मग तो त्याचे रोमन करतो. ज्या नातवंडाने रोमनच आधी गिरवले, त्याच्या मनात काय उभे राहत असेल? मला काळजी आहे ती याची.

काचेच्या पडद्याने मात्र आपली पाटी पुन्हा कोरी केली. कळा छापायच्याच नसल्याने हवी तशी मांडणी करता येते. मुंबईच्या आयआयटीतील अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी वर्णमालेच्या क्रमाचा 'कीलेख' हा कळफलक करून पाहिला होता. २०१३ मध्ये तिथूनच फोनसाठी 'स्वरचक्र' निघाले. व्यंजने आपल्या शाळेतल्या तक्त्यासारखी ओळीने. 'क' वर बोट ठेवले की भोवती चक्र उमटते: का, कि, की, कु, कू... म्हणजे पहिलीच्या वर्गातली बाराखडीच! खास अंगठ्यासाठी आणि खास आपल्या लिपीसाठी विचार करून केलेली मांडणी इतक्या उशिरा मिळाली. पुढे २०१६ च्या भारतीय मानकाने मोबाइलमध्ये भारतीय भाषांत लिहिण्या-वाचण्याची सोय असण्याचा आग्रहही धरला. आता तर बोलले तरी टाइप होते.

असो. आता मूळ प्रश्नाचे उत्तर.

टायपिंगची परीक्षा दिलेल्यांनी जुन्या वळणाचा कळफलक खुशाल वापरावा, साठी-सत्तरीत बोटे मोडून घेऊ नयेत. रोज भरपूर लिहिणाऱ्याने, विशेषतः संगणकावर, पंधरा दिवस चिकाटी धरून इन्स्क्रिप्ट शिकावा. फोनवर लिहिणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी वर्णमालेच्या क्रमाने अक्षरे मांडलेला कळफलक घ्यावा, ती आपल्याला पाठच आहे. रोमनची वाट धरली असेल तर पाठवण्याआधी एकदा वाचावे, एवढेच म्हणतो. आणि नातवंडांच्या फोनमध्ये निदान आजी-आजोबांना लिहिण्यापुरता तरी देवनागरी अक्षरांचा कळफलक घालून द्यावा. पाटी आता आपण घेत नाही. अक्षराच्या जागा बोटांना ठाऊक होण्याचे ते एकच ठिकाण उरले आहे.

दुकानदाराला किंवा जाहिरातीला विचारू नका, परीक्षा स्वतःच घ्या. नव्या कळफलकावर दोन शब्द लिहून पाहा: 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. दोन्ही वेगवेगळे आणि विनासायास लिहिता आले तर तो कळफलक मराठीचा, बेलाशक ठेवा. नाही आले तर एखाद्या समारंभाच्या निरोपात शाल-श्रीफळ आचाऱ्यांना जाईल आणि भाजी चिरायला आचार्यांना बोलावणे येईल.