नागवंश, पूर्वज आणि राष्ट्र

दरवर्षी अशोक विजयादशमी जवळ आली की, पांढरकवड्यावरून जाणाऱ्या हैदराबाद-नागपूर महामार्गावर दीक्षाभूमीकडे निघालेल्या उपासक-उपासिकांच्या गाड्या दिसू लागतात. येथून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. या प्रवासात 'आम्ही नागवंशीय' हे शब्द भाषणांतून आणि संभाषणांतून पुनःपुन्हा कानी पडतात. ते उच्चारताना मान ताठ होते आणि ते स्वाभाविकही आहे. तथापि या शब्दांना इतिहासाचा आधार किती, आणि त्यांच्या बळावर आपण राष्ट्राजवळ काय मागावे व काय मागू नये, याचा विचार क्वचितच होतो. तो येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा प्रश्न पांढरकवड्याच्या परिसरात अधिक निकडीचा होतो, त्यास कारण आहे. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण तेलंगणाच्या सीमेपासून दूर नाही. येथील बौद्ध वस्त्यांच्या शेजारी गोंड बांधवांची गावे आणि कोलाम बांधवांचे पोड आहेत. गोंडी आणि कोलामी या दोन्ही द्राविड कुलातील भाषा. 'आदिवासी' या शब्दातच आरंभापासून येथे असल्याचा अर्थ आहे. 'मूलनिवासी' या शब्दातही तोच आहे. देश जर प्रथम आलेल्यांचाच असेल, तर या शेजाऱ्यांत पहिला कोण आणि दुसरा कोण? प्राचीनतेच्या मापाने हक्क मोजू लागलो, तर ज्यांच्याशी भगिनीभाव आणि बंधुभाव जोडावयाचा, त्यांच्याशीच स्पर्धा सुरू होईल.

विदर्भातील नागांची साक्ष

नाग ही केवळ पुराणातील कल्पना नव्हे, हे विदर्भाची भूमीच सांगते. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तेथे प्राचीन स्तूपांचे अवशेष उघडकीस आले. त्यातील एका शिल्पावर बोधिप्राप्तीनंतर भगवंतांवर फणा धरणारा मुचलिंद नाग कोरलेला असून त्याचे नावही लिहिलेले आहे. इसवी सनापूर्वीच विदर्भात बुद्ध आणि नाग यांचे नाते लोकांच्या श्रद्धेत रुजले होते, असे यावरून दिसते.

राजकीय इतिहासातही नागकुले आढळतात. भारशिव घराण्यातील भवनाग राजाची कन्या वाकाटक राजपुत्र गौतमीपुत्र यास दिली होती. त्यांचा पुत्र पहिला रुद्रसेन. वाकाटकांचे ताम्रपट त्याला भवनागाचा दौहित्र म्हणून अभिमानाने गौरवितात. पुढे गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त आणि राणी कुबेरनागा यांची कन्या प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या रुद्रसेनाची पट्टराणी झाली. तिच्या पुणे येथील ताम्रपटात आपली माता नागकुलात जन्मलेली असल्याचे तिने नमूद केले आहे. वाकाटक हे स्वतः विष्णुवृद्ध गोत्राचे ब्राह्मण. म्हणजे या ब्राह्मण राजकुलात मातेच्या बाजूने नागांचे रक्त किमान दोनदा आले.

चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिळेचा येथे उल्लेख केला पाहिजे. तिच्यावर अशोककालीन ब्राह्मी लिपीत प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी आज्ञा कोरलेली आहे. सुमारे साडेपाचशे वर्षांनंतर त्याच शिळेवर पहिल्या रुद्रसेनाचा लेख कोरला गेला. धम्माची आज्ञा आणि नागकन्येच्या शैव पुत्राचा लेख एकाच दगडावर आहेत. हा दगड जपावा कसा, हे कळते. त्याची वाटणी कशी करावी, हे मात्र कोणालाही सांगता येणार नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शिल्पातील नाग, राजकुलातील नाग आणि गावकुसाबाहेर लोटलेला आपला समाज, या तिन्हींना जोडणारी अखंड वंशावळ उपलब्ध नाही. ती उपलब्ध असल्याचे भासविणे म्हणजे विरोधकांच्या हाती शस्त्र देणे होय.

बाबासाहेबांची मांडणी

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात दीक्षेसाठी हेच शहर का निवडले, याचा खुलासा केला. नाग लोकांनी बुद्धधम्माचा प्रसार केला, त्यांची वस्ती या परिसरात होती आणि नाग नदी त्यांच्या स्मृतीची खूण आहे, असा त्या खुलाशाचा आशय होता. हे भाषण सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच बाबासाहेबांनी वंशाविषयी जे शास्त्रीय लेखन केले, ते त्या भाषणासोबत वाचले जात नाही.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात त्यांनी जात म्हणजे वंशभेद, हे मत खोडून काढले. १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथात बाहेरून आलेल्या आर्य वंशाने येथील लोकांना जिंकून शूद्र केले, हा सिद्धांत त्यांनी नाकारला. १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात तर नाक व कवटी यांची मोजमापे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा भेद नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण नाग असतील तर अस्पृश्यही नाग, अशी ती युक्तिवादाची दिशा आहे. अस्पृश्यतेचा उगम त्यांनी रक्तात शोधला नाही. पराभूत होऊन पांगलेले लोक, बौद्ध धम्मावरील निष्ठा आणि गोमांसभक्षण यांच्याशी त्यांनी तो जोडला आणि काळ इसवी सन ४०० च्या सुमारास मानला.

मग १९५६ चा नागांचा उल्लेख या लेखनाशी विसंगत आहे काय? आमच्या मते नाही. नाग हे नाव त्यांनी आनुवंशिक मालकीचा दस्तऐवज म्हणून दिले नाही. ज्या समाजाला इतिहासच नाही असे शतकानुशतके सांगितले गेले, त्याला त्यांनी धम्माच्या इतिहासात स्थान दिले. त्या नावाने स्वाभिमान दिला. कोणास देशाबाहेर काढण्याचा परवाना दिला नाही.

राष्ट्राने निवडलेला पूर्वज

आधुनिक काळात महाराष्ट्रात पूर्वजांचा शोध अनेकांनी घेतला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्यांना आक्रमक आणि बळीराजाला येथील रयतेचा राजा मानले. लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ नेले. सावरकरांनी १९२३ मध्ये पितृभू आणि पुण्यभू यांवर राष्ट्राची व्याख्या उभारली व समान रक्ताच्या नात्याला तीत स्थान दिले. प्रत्येकाने भूतकाळात पाहिले ते आपल्या काळातील राष्ट्र कोणाचे, हे ठरविण्यासाठी.

प्रत्यक्षात स्वतंत्र भारताने आपला पूर्वज म्हणून कोणास निवडले? २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने ध्वजावर अशोकचक्र स्वीकारले आणि २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष राजमुद्रा झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जेम्स प्रिन्सेप याने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे वाचन पूर्ण करेपर्यंत अशोकाचे शिलालेख या देशात कोणासही वाचता येत नव्हते. अशोकाचा वंशज म्हणून मिरविणारे कोणतेही कुल तेव्हा समोर नव्हते. राष्ट्राने त्याला वंशावळीवरून नव्हे, तर त्याच्या विचारावरून आपलेसे केले. आमच्या मते पूर्वज स्वीकारण्याची हीच धम्मसंमत रीत आहे.

संविधानही तेच सांगते. त्याच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून राज्याने भेदभाव करू नये, असे म्हटले आहे. तेथे वंश आणि जात हे दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि दोहोंनाही भेदाचा आधार होण्यास मनाई आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, हजारो जातींत विभागलेला समाज सामाजिक अर्थाने अजून राष्ट्र झालेला नाही. राष्ट्र मागे सापडावयाचे नसून पुढे घडवावयाचे आहे, हा त्याचा अर्थ.

जनुकांची साक्ष

याच महामार्गावर दक्षिणेस असलेल्या हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने २०१३ मध्ये एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातील निरनिराळ्या लोकसमूहांचे आपसांत मोठे मिश्रण झाले. एकाकी राहिलेल्या जमातीही त्यास अपवाद नव्हत्या. त्यानंतर मात्र स्वगटातच विवाहाची प्रथा दृढ झाली व मिश्रण थांबत गेले. २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी यांनी हरियाणातील राखीगढी येथील एका स्त्रीच्या प्राचीन अस्थींतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिंधुसंस्कृतीच्या त्या लोकांचा वारसा आजच्या दक्षिण आशियातील बहुसंख्य लोकांत कमी-अधिक प्रमाणात आहे, असे त्यातून दिसले. गवताळ मैदानांतून आलेल्या पशुपालकांचा अंश त्या अस्थींत नव्हता. तो नंतर मिसळला. शुद्ध रक्ताचा दावा करण्यास यात कोणासही जागा उरत नाही.

वाचकांना येथे १९१६ चा कोलंबिया विद्यापीठातील निबंध आठवेल. जातीचे मर्म गटांतर्गत विवाहात आहे, असे तरुण भीमरावांनी त्यात मांडले होते. जनुकशास्त्राने सुमारे शतकानंतर दाखविले ते हेच: आपण निराळे जन्मलो नाही, निराळे केले गेलो. विवाहबंदी आणि अस्पृश्यता या दोन भिन्न गोष्टी असून त्यांचे काळ एक मानण्याची घाई करू नये. परंतु दोन्ही माणसांनी घडविलेल्या आहेत, म्हणून माणसांना त्या मोडताही येतात.

पूर्वजांचे ऋण

आजही शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जातीचा दाखला काढताना बौद्ध मुलाला वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आजोबा-पणजोबांचे नाव असलेल्या कोतवाल बुकाच्या किंवा शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीच्या उताऱ्यासाठी बौद्ध, गोंड आणि कोलाम कुटुंबे एकाच तहसीलच्या आवारात उभी असतात. त्या कागदावर नाग राजांची नावे नसतात. ज्यांनी वेठ केली, ज्यांना पाणवठा नाकारला गेला, जंगल आणि जमीन ज्यांच्या हातून गेली, त्यांची असतात. राखीव जागांचा हक्क प्राचीनतेतून आलेला नाही. तो या अन्यायातून आला आहे, आणि म्हणूनच कोण आधी आला या वादाने तो वाढत नाही की घटत नाही.

भगवंतांनी वासेट्ठ सुत्तात सांगितले की, वनस्पती व प्राणी यांच्यात जन्मजात भेदाच्या खुणा आहेत, माणसांत तशा नाहीत. माणूस कर्माने ठरतो. नागांनी धम्म स्वीकारला म्हणून ते आमचे पूर्वज; केवळ नाग होते म्हणून नव्हे. अशोक त्याच अर्थाने आमचा पूर्वज, आणि ज्या कोलाम मातेच्या मुलाला आम्ही आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत जागा देऊ, त्याचाही तो तितकाच पूर्वज. पुढील विजयादशमीला 'नागवंशीय' हा शब्द अवश्य उच्चारावा. परंतु शेजारचा गोंड व कोलाम तो ऐकून परका होणार नाही, अशा रीतीने उच्चारावा.