‘ब्लॅकमेल’ : एका शब्दाची कुळकथा

‘ब्लॅकमेल’ या इंग्रजी शब्दातील ‘मेल’चा टपालाशी काही संबंध नाही. स्कॉटलंडच्या बोलीत ‘मेल’ म्हणजे जमिनीचा खंड. १६ व्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर लुटारूंच्या टोळ्या गुरे हाकून नेत, घरे जाळीत. गोठा शाबूत राहावा म्हणून गरीब कुळे जमीनदाराचा खंड भागवून या टोळ्यांनाही पैसा वा धान्य देत. हीच ‘ब्लॅकमेल’, म्हणजे काळी खंडणी. १६०१ साली राणी एलिझाबेथच्या कायद्याने कंबरलंड, नॉर्थम्बरलंड आदी चार उत्तर परगण्यांत खंडणी घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही देहान्त शिक्षा ठरविली. न द्यावी तर लुटारू, द्यावी तर फास! कालांतराने टोळ्या मोडल्या. शब्द मात्र उरला. गुरांच्या जागी माणसाची अब्रू आली, इतकेच.